इंजिनाच्या केबिनमधील ताण

रुळांवर अचानक माणूस किंवा जनावर दिसताच लोको पायलटच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि लक्ष त्या एकाच धोक्यावर खिळते; परिणामी डोळ्यांसमोरचा सिग्नलही ध्यानात न येण्याची शक्यता असते. त्याच वेळी कार्यस्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती क्षणभर धरून ठेवण्याची क्षमता, दुबळी होते, मात्र सरावाने अंगवळणी पडलेल्या कृती बऱ्याच अंशी टिकून राहतात. म्हणूनच लोको पायलट आणि त्याचा सहायक यांनी सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगण्याची रेल्वेची पद्धत वरवर साधी वाटली, तरी फार मोलाची आहे, कारण एकाचे लक्ष आक्रसले तरी दुसऱ्याचा आवाज त्याला भानावर आणतो. घाटात तर ही सावधगिरी अधिकच लागते: लोको पायलट सुरेखा यादव यांनी १३ मार्च २०२३ रोजी ज्या मार्गाने सोलापूरहून मुंबईस वंदे भारत एक्स्प्रेस नेली, त्या मार्गावरील बोर घाटात ३७ मीटरला १ मीटर असा तीव्र उतार असून, तेथे गाडीचा वेग आधीपासूनच आवरून धरावा लागतो. रुळांवर कोणी दगावल्यानंतरही बहुधा त्याच लोको पायलटला गाडी निदान पुढील स्थानकापर्यंत न्यावी लागते आणि त्याच्या मनावरील या आघाताची दखल प्रवासी क्वचितच घेतात.