विसाव्याचा हक्क



जीवन फार धावपळीचे झाले आहे, ही तक्रार आज सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत : सावकाश जेवा, थोडे चाला, मोबाईल दूर ठेवा. हा उपदेश वाईट नाही. परंतु ज्याच्या दिवसाची गती त्याच्या स्वतःच्या हाती आहे, त्यालाच तो पाळता येतो. पुष्कळांची गती दुसरेच कोणी ठरवीत असतात. म्हणून या विषयाचा विचार आम्ही मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करतो.

एकोणिसाव्या शतकात गिरणीतले काम उजाडता सुरू होई आणि मावळता संपे. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला कामगारांच्या सभा झाल्या. त्यांनी काय मागितले? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि कामाच्या तासांना मर्यादा. पगार वेळेवर मिळावा हेही त्यांत होते; पण अग्रभागी होती ती वेळेची मागणी. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीला सुमारे 10,000 कामगार जमले व त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या दिवशी आपण उशिरा उठतो, तो दिवस असा मिळालेला आहे.

पुढची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की हात थांबत. निसर्गाने घातलेला तो बांध दिव्याने फोडला आणि काही गिरण्या 14-15 तास चालू लागल्या. सोय वाढली, विसावा घटला! तो परत मिळविण्यास कायदाच लागला. 1911 मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला 12 तासांची मर्यादा आली. 1922 मध्ये कारखान्यांसाठी ती 11, 1934 मध्ये बारमाही कारखान्यांसाठी 10 आणि 1948 मध्ये 9 तासांची, आठवड्याला 48 तासांची झाली.

आज मोबाईल हा तसाच दिवा आहे. कचेरी बंद झाली तरी तो विझत नाही. आणि दहा मिनिटांत घरी सामान यावे असे आपण म्हणतो, तेव्हा आपली सवड एका तरुणाच्या सायकलीवर किंवा मोटारसायकलीवर घाई होऊन बसते. घरातही तेच. रविवारी सारे घर निवांत असते, आणि स्वयंपाकघरात मात्र रोजच्याहून दोन पदार्थ अधिक होतात. लोखंड्यांचा रविवार तिथवर अजून पोहोचलेला नाही.

कोणी म्हणेल, संथपणा म्हणजे आळस. आम्हांस तसे वाटत नाही. आळशी मनुष्य आपले काम दुसऱ्यावर ढकलतो. संथपणे जगू पाहणाऱ्याने निदान आपली घाई तरी दुसऱ्यावर ढकलू नये.

तेव्हा आरंभ आपल्यापासूनच करू. रात्री हाताखालच्या माणसाला कामाचा निरोप धाडू नये. सामान उद्या आले तरी चालेल, असे म्हणावे. रविवारी एक वेळची चूल घरातल्या पुरुषांनी सांभाळावी. गिरणी कामगारांनी रविवार एकट्यासाठी मागितला नव्हता, सर्वांसाठी मागितला. म्हणूनच तो टिकला. आपला विसावाही सर्वांचा झाला, तरच टिकेल.