युवा हवामान परिषदेचे संयोजक

ग्लासगो येथे २०२० साली भरावयाची जागतिक हवामान परिषद महामारीमुळे वर्षभर लांबणीवर पडली. विद्यार्थ्यांनी मात्र वाट न पाहता त्याच नोव्हेंबरात दूरसंवादाने स्वतःची परिषद भरविली. १४० हून अधिक देशांचे प्रतिनिधी तीत सामील झाले. भाषणे सर्वांच्या लक्षात राहतात. परंतु एकीकडे पहाट नि दुसरीकडे मध्यरात्र असताना बैठकीची वेळ जुळविणे, ठरावाचा मसुदा पुनःपुन्हा दुरुस्त करणे, ही किचकट कामे स्वयंसेवकांनाच निभवावी लागतात. असे संयोजक निवडताना केवळ अस्खलित इंग्रजीवर भाळून चालणार नाही. पावसाने दगा दिलेल्या शेतकऱ्याची मुलगी संयोजनात नसेल, तर तिचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत चढणार कसा? तिच्यासाठी प्रवासखर्चाची तरतूद आणि परीक्षाकाळात कामातून सवलत यांचा उल्लेख स्वयंसेवक मागविणाऱ्या निवेदनातच असावा.