नकाशावरचा बाण आणि पाचवीचा वर्ग

पाचवीच्या वर्गात आदिमानव फार वेळ थांबत नाही. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग ही नावं फळ्यावर येतात, अग्नीचा शोध लागतो, चाक गडगडतं, गाळलेल्या जागा भरून होतात आणि घंटा वाजते. पुढचा तास भूगोलाचा. तिथे खंड, महासागर आणि सामुद्रधुन्या असतात. आदल्या तासाचा माणूस मात्र कुठेच नसतो. आदिमानव, त्याचं स्थलांतर आणि जगाचा भूगोल हे तीन धडे नव्हेत, तो एकच धडा आहे, आणि तो तोडून शिकवल्यामुळेच मुलांच्या हाती नुसत्या सनावळ्या लागतात, एवढंच आजच्या व्याख्यानात मांडायचं आहे.

सुरुवात एका बाणापासून करू. जगाच्या नकाशावर आफ्रिकेतून निघालेला जाडजूड लाल बाण बहुतेकांनी पाहिलेला असतो. अरबस्तान, भारत, इंडोनेशिया करत तो थेट ऑस्ट्रेलियाला जाऊन टेकतो. या बाणाने शिक्षकाची मोठी सोय केली आणि मुलांचं तेवढंच नुकसान केलं. बाण पाहिला की मुलाला वाटतं, कुणीतरी पुढारी होता, त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि चला ऑस्ट्रेलियाला म्हणून काफिला हलवला. प्रत्यक्षात कुणी कुठेही ‘निघालं’ नव्हतं. शिकार सरकली, पाणी आटलं, टोळी वाढली, म्हणून चार घरं पुढच्या ओढ्याकाठी गेली.

हे मुलांना भाषणाने पटत नाही, गणिताने पटतं. समजा, एका पिढीत वस्ती फक्त 20 किलोमीटर पुढे सरकली आणि एक पिढी 25 वर्षांची धरली. मग 15,000 किलोमीटर अंतराला पिढ्या किती आणि वर्षं किती? पाचवीचं पोर वहीत भागाकार करून 750 पिढ्या आणि 18,750 वर्षं असं उत्तर काढतं. मग त्याच्या लक्षात येतं की त्या 750 पिढ्यांतल्या एकालाही आपण प्रवासात आहोत, हे ठाऊक नव्हतं. लाल बाणाचा दिमाख तिथेच उतरतो.

काळाचं प्रमाण हा दुसरा घोटाळा. लाख आणि कोटी हे शब्द मुलांना पाठ असतात, पण त्यांच्यातलं अंतर दिसत नाही. त्यासाठी सुतळीचा गुंडा आणि शाळेचं मैदान पुरतं. एक सेंटिमीटर म्हणजे हजार वर्षं. आजपासून मागे जायला लागलं की शिवराज्याभिषेक साडेतीन मिलिमीटरवर येतो. त्याला खूण करायला बारीक टोकाचं पेन लागतं. घोड नदीकाठचं इनामगाव वसलं ते साडेतीन सेंटिमीटरच्या जरा पुढे. शेतीची सुरुवात अकरा-बारा सेंटिमीटरवर. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्याच जातीच्या माणसाचे सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले, ते तीन मीटरवर. इथिओपियात 1974 साली सापडलेली आपली प्राचीन नातलग ‘ल्यूसी’ 32 मीटर लांब उभी. आणि डायनासोर? ते संपले 660 मीटरवर. बहुतेक शाळांत तोवर मैदान संपून रस्ता लागलेला असतो.

सुतळीचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. माणसं आफ्रिकेतून भारतात आली तेव्हा भारत आफ्रिकेला चिकटलेला होता, असं अनेक मुलं मनातल्या मनात धरून चालतात. खंडांची फारकत भूगोलात वाचलेली असते, आफ्रिकेतलं मूळ इतिहासात. दोन्हींची सांगड ती आपापल्या परीने घालतात. सुतळीवर खंडांची फारकत एक किलोमीटरच्याही पलीकडे जाते आणि आपल्या जातीचा माणूस शेवटच्या तीन मीटरमध्ये बसतो. मग माणसं आली कशी? चालत. हा प्रश्न एखाद्या मुलीने आपणहून विचारला, की इतिहासाच्या तासात भूगोल बोलावल्याशिवाय आला म्हणायचा.

आता जरा जळगाव जिल्ह्यात जाऊ. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी 1970च्या दशकात उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, त्या कवचांचे मणी निघाले. एका तुकड्यावर आडव्या रेघांच्या मध्ये तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. वय सुमारे 25,000 वर्षं, म्हणजे सुतळीवर जेमतेम एक वीत. खानदेशात शहामृग! वर्गात एवढं सांगून गप्प बसावं. पुढची दहा मिनिटं मुलं सांभाळतात. पक्षी इथला की कवच कुणी बाहेरून आणलं? भारतात ठिकठिकाणी अशी कवचं सापडली आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांपैकी काहींतून डीएनए काढला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो, हे 2017 साली प्रसिद्ध केलं. पक्षी इथे होता, तो गेला, आणि त्याचे मणी गळ्यात घालणारी माणसं मागे राहिली. एवढुशा तुकड्यात हवामान, प्राणी, कला आणि खंड असा सगळा अभ्यासक्रम आहे. तो पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत ‘माहीत आहे का तुम्हांला’ म्हणून दोन ओळींत आटोपण्याजोगा नाही.

भूगोलाची खरी गंमत मात्र समुद्रात आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. पाणी ध्रुवांकडे आणि डोंगरांवर बर्फ होऊन बसलं होतं. मुंबईच्या मुलांना यात त्यांच्या ओळखीचं उदाहरण सापडतं. ‘मुंबई हाय’चं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत आहे, आणि तिथल्या पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास. वजाबाकी करा. आज जिथे तेलविहिरींचे मनोरे उभे आहेत, तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. त्या काळातल्या माणसाला अरबी समुद्र पाहायचा असता तर आजच्या गिरगाव चौपाटीवरून पश्चिमेला कित्येक दिवस चालावं लागलं असतं. तिथल्या वस्त्यांच्या खुणा, असल्या तर, आता पाण्याखाली आहेत.

अॅटलासमधला फिकट निळा, उथळ समुद्र मुलांना पिवळ्या खडूने रंगवू द्यावा. श्रीलंका भारताला येऊन मिळते. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ आशियाला जोडले जातात. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया एक होतात. सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये आज सुमारे 85 किलोमीटरची बेरिंगची सामुद्रधुनी आहे. तिथेही पिवळा पट्टा येतो. पण बाली आणि लोंबोक यांच्यामधली चिंचोळी पट्टी गडद निळीच राहते, कारण तिथला समुद्र खोल आहे. हे पाहून एखादं पोर म्हणतंच, “मग ऑस्ट्रेलियात पोचले कसे?” उत्तर असं, की होडी किंवा तराफा बांधून, किमान 50,000 वर्षांपूर्वी. त्या होडीचा एक तुकडाही सापडलेला नाही. तरी ती होती हे नकाशा सांगतो. पुरावा नसताना अनुमान कसं करायचं, हे शिकवायला याहून सोपा धडा मिळणं कठीण.

पाठ्यपुस्तकंही बदलतात, हे मुलांना लवकर कळलेलं बरं. अमेरिका खंडात माणूस साधारण 13,000 वर्षांपूर्वी पोचला, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे एका जुन्या तळ्याच्या काठावर पावलांचे ठसे मिळाले. 2021 साली त्यांचं वय 21,000 ते 23,000 वर्षं असं जाहीर झालं. शंका घेतल्या गेल्या. परागकण आणि वाळूतले स्फटिक यांवरून पुन्हा तपासणी झाली आणि 2023 साली तेच आकडे आले. त्या ठशांतले बरेचसे लहान मुलांचे आणि किशोरवयीनांचे आहेत. पाचवीच्या वर्गात सांगायचं झालं तर, तुमच्याच वयाची पोरं तिथे चिखलात फिरत होती.

हा विषय मुलांना नीट शिकवण्याचे मोठे प्रयत्न जगात झाले आहेत, आणि त्यांतला एक चांगलाच अंगाशी आला. 1960च्या दशकात जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम तयार झाला. माणसाचं माणूसपण कशात आहे, हा त्याचा गाभा. मुलं सामन मासा, कुरव पक्षी आणि बबून माकडं यांचं जगणं अभ्यासत, मग कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या नेटसिलिक लोकांच्या फिल्म पाहत. सरकारी पैसा होता, विद्वान होते, शिक्षकांची तयारी करून घेतली होती. पण नेटसिलिकांच्या जुन्या, कठोर चालीरीती मुलांपुढे कशाला, म्हणून पालक बिथरले. प्रकरण 1975 साली अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं, निधी अडला आणि तो अभ्यासक्रम पुढे शाळांतून दिसेनासा झाला. अभ्यासक्रम वाईट नव्हता. पालकांना विश्वासात घेणं राहून गेलं. आपल्याकडे उत्क्रांती शिकवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. “माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी आहेत?” हा प्रश्न मुलाआधी घरातली मोठी माणसं विचारतात. चिंपांझी हे आपले आजोबा नव्हेत, चुलतभाऊ आहेत. दोघांचा सामाईक पूर्वज सुतळीवर साठ-सत्तर मीटरवर आहे, हे पालकसभेत शांतपणे सांगता आलं पाहिजे.

दुसरा प्रयत्न जास्त साधा, आणि म्हणून जास्त चाललेला. पॉल सालोपेक हे अमेरिकी पत्रकार जानेवारी 2013 मध्ये इथिओपियातल्या हेर्तो बुरी इथून पायी निघाले. आदिमानवाच्या वाटेने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोला पोचायचं, असा त्यांचा बेत. 2018-19 मध्ये ते पंजाबपासून मणिपूरपर्यंत भारतातूनही चालत गेले. या चालीबरोबर हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ने मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतले वर्ग एका गटात बांधायचे; प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीत हळूहळू फिरायचं, तिचा नकाशा काढायचा, शेजारच्या कुणाला तरी गाव सोडल्याची गोष्ट विचारायची आणि ती इतरांना सांगायची.

यातलं काहीही करायला हार्वर्ड लागत नाही. मराठी शाळेच्या बाकावर स्थलांतर समोर बसलेलं असतं. बीडकडचं मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीच्या कोयत्यावर जातं आणि उन्हाळा लागला की परत येतं. धनगराची मेंढरं पावसाळा संपल्यावर घाट उतरून कोकणात जातात. पाणी, चारा आणि काम यांच्या मागे सरकणं म्हणजे काय, हे या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. तेच मूल हजेरीपटावर गैरहजर आणि आदिमानवाच्या धड्यात नापास, हा आपल्या शिक्षणातला विनोद आहे, आणि तो हसण्याजोगा नाही. इनामगावातही असंच झालं. पाऊसमान खालावलं, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, लोक शेतीकडून गुराढोरांकडे वळले आणि इसवी सनपूर्व 700च्या सुमारास गाव ओस पडलं, असं तिथल्या उत्खननाचे एक प्रमुख म. के. ढवळीकर यांनी मांडलं आहे.

इथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एक विनंती. यंदाच्या सहलीतला एक दिवस वॉटरपार्ककडून काढून घ्या. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, प्रवरेकाठी नेवासं आहे, चाळीसगावजवळ पाटणे आहे. जाण्याआधी मुलांकडून सुतळी मोजून घ्या आणि पिवळा खडू बरोबर ठेवा. नदीकाठचा दगड उचलून पाहू द्या, पण पिशवीत घालू देऊ नका. तो जिथे पडला आहे ती जागा हाही पुरावाच असतो.