सही आणि कागद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सह्यांची जुनी पत्रे आणि दस्तऐवज जमविण्याचा एक मोठा छंद त्या देशात दोनशे वर्षे चालत आला आहे. त्याविषयी मी आज बोलणार आहे. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर हा विषय कोठून आला, असे आपणांस वाटेल. त्याचे एक कारण शेवटी सांगेन. दुसरे माझ्या पेशात आहे. चौतीस वर्षे मी बँकेत काढली आणि त्यांतील बरीचशी कानपूरच्या शाखेत धनादेशावरील सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहण्यात गेली.

१९९४ साली निवृत्त झालो तेव्हा अमेरिकेतील भाच्याने मला एक चर्मपत्र भेट पाठविले. इंडियाना राज्यातील ८० एकर जमिनीची ती सरकारी सनद होती. साल १८३८, आणि तळाशी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचे नाव. विक्रेत्याने राष्ट्राध्यक्षांची सही म्हणूनच तिचे पैसे घेतले होते. मी ती चौकटीत बसविली आणि नऊ वर्षे येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकाने दाखविली.

पुढे एका पुस्तकात वाचले ते असे. पश्चिमेकडील सरकारी जमिनी इतक्या झपाट्याने विकल्या जाऊ लागल्या की अँड्र्यू जॅक्सन यांच्यापुढे सहीवाचून सनदांचे ढीग साचले. तेव्हा मार्च १८३३ मध्ये कायदा होऊन, राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सनदांवर सही करावयास चिटणीस नेमण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून अशा सनदांवर राष्ट्राध्यक्षांचे नाव असते, हात मात्र चिटणिसाचा. मी उठून चौकट उतरविली. व्हॅन ब्युरेन यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत चिटणीस म्हणून त्यांच्या चिरंजिवांचे नाव होते. बापलेकांचे नाव एकच, म्हणून माझी नजर त्यावरून घसरत गेली होती. दोन्ही ओळी एकाच हाताच्या, एकाच झुकावाच्या! ज्याने जन्मभर सह्या तपासल्या त्याला हे दिसू नये? आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “बरे झाले, निवृत्त झाल्यावर चुकलात.”

पण त्या दिवशी मी ती सनद प्रथमच वाचली. नऊ वर्षे मी तिचा फक्त तळ पाहत होतो. वर एका साध्या शेतकऱ्याचे नाव होते, जमिनीची चतुःसीमा होती आणि पूर्ण किंमत भरल्याची नोंद होती. त्या काळी सरकारी दर एकरी सव्वा डॉलर. म्हणजे ८० एकरांस १०० डॉलर. आणखी एक गोष्ट त्या कागदावर नाही, ती मी नंतर शोधली. ज्या साली ही सनद निघाली त्याच १८३८ च्या शरदात, त्याच राज्यातून, पोटावाटोमी जमातीच्या लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात कॅन्ससकडे चालवीत नेले. वाटेत अनेक मुले दगावली. सही बापाची की लेकाची, हा प्रश्न त्यापुढे मला फार लहान वाटू लागला.

आता या छंदाने केलेले नुकसान पाहा. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दप्तर त्यांच्या पुतण्याकडे, बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे आले. हे गृहस्थ उदार. मागेल त्याला कागद देत. विल्यम स्प्रेग नावाच्या तरुणाने नकला मागे ठेवण्याच्या अटीवर सुमारे १५०० पत्रे तेथून नेली. पुढे चरित्रकार जॅरेड स्पार्क्स यांच्या हाती दप्तर गेले. त्यात पहिल्या शपथविधीच्या वेळी न केलेल्या एका भाषणाचा सत्तरांहून अधिक पानांचा खर्डा होता, वॉशिंग्टन यांच्याच अक्षरात. हे भाषण छापण्याजोगे नाही असे ठरवून स्पार्क्स यांनी त्याचे तुकडे केले आणि हस्ताक्षर मागणाऱ्यांना वाटून टाकले! देवाचा प्रसाद वाटावा तसे. आज विद्वान मंडळी ते तुकडे जुळवीत बसली आहेत, आणि संपूर्ण भाषण काही हाती लागलेले नाही. सरकारने उरलेले दप्तर १८३४ व १८४९ मध्ये मिळून ४५,००० डॉलर देऊन विकत घेतले, म्हणून ते तरी वाचले.

मात्र संग्राहकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी काढला. त्याचा स्वतःच्या हाताने लिहिलेला खर्डा त्यांनी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी शिकागोच्या जत्रेस दिला. तो १८७१ च्या आगीत जळाला. पण १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या तशाच जत्रेसाठी जाहीरनाम्याच्या ४८ प्रती छापून लिंकन यांनी त्यांवर सह्या केल्या होत्या. किंमत १० डॉलर. साऱ्या खपल्याही नाहीत. २०१० साली त्यांतील एक प्रत ३७ लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेली. ज्यांनी दहा डॉलर देऊन त्या जपल्या, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. शिकागोत तो खर्डा जळाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. पुण्यात बसून त्या गृहस्थाने त्या कागदाचा आशय वाचला होता. सही त्यांनी पाहिली नव्हती.

खोट्या कागदांची कथा मोठी आहे, ती आज सांगत नाही. रॉबर्ट स्प्रिंग हा वॉशिंग्टनचा आणि जोसेफ कोझी हा लिंकनचा हात वठविण्यात इतका पटाईत होता, की त्यांचे खोटे कागदही आता लोक जमवितात. आमच्या पेशातील एक मर्म मात्र सांगतो. कोणताही मनुष्य दोनदा अगदी सारखी सही करीत नाही. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की आम्ही सावध होत असू. नेमक्या याच खुणेने यंत्राची सही ओळखू येते. केनेडींच्या काळापासून सही करणारे यंत्र पत्रांसाठी सर्रास वापरात आले, आणि २०११ मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या आज्ञेवरून त्या यंत्राने एका कायद्यावरही सही केली.

१९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे कामकाजाचे कागद राष्ट्राची मालमत्ता झाले. १९८१ पासून तो लागू आहे. त्यापूर्वी ते त्यांच्या घरची वस्तू मानले जात. लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद राष्ट्रीय ग्रंथालयास दिले ते आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे उघडू नयेत या अटीवर. २६ जुलै १९४७ ला ते उघडले.

आता ते पहिले कारण. आपल्या मंडळाच्या पहिल्या इतिवृत्त-वहीतील, संस्थापकांच्या सह्या असलेले पान कापून चौकटीत घालावे आणि या सभागृहात लावावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सूचना प्रेमापोटी आलेली आहे, आणि ती करणारे माझे स्नेही समोरच बसले आहेत. मी काल ती वही पाहिली. त्या पानाच्या पाठीमागे पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणी लिहिली आहे. कोणी पाच रुपये दिले, कोणी दोन. एका नावापुढे “बदली झाली, तरी पाठविले” असे आहे. दोन नावांपुढे पैसे नाहीत, “स्वयंपाक” असे लिहिले आहे; त्या दोन्ही भगिनींची नावे आपल्या संस्थापकांच्या यादीत कोठेही नाहीत. पान चौकटीत गेले की ही बाजू भिंतीकडे जाईल.

पानाचे छायाचित्र काढून ते खुशाल लावावे. दोन्ही बाजूंचे लावावे. वही पलीकडच्या खोलीतील कपाटात आहे, किल्ली चिटणिसांकडे आहे, आणि चहापानानंतर ती अर्धा तास पाहावयास मिळेल. पाने उलटताना हात कोरडे असावेत.