थेसलोनिकीचा बाजार आणि आजीबाईंचा शिरा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



"तुम्ही परदेशी जाऊन आलात, चार शब्द बोला," असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. या व्यासपीठावर मी आजवर चढले ती सतरंजी अंथरायला नाहीतर समई लावायला. भाषण करायला कधी चढले नव्हते. पण "बरं, निदान तिथल्या बाजाराचं तरी सांगा," असे त्या म्हणाल्या आणि माझ्याने नाही म्हणवेना. बाजार म्हणजे आपल्या हक्काचा विषय!

माझा धाकटा भाऊ ग्रीस देशात थेसलोनिकी नावाच्या शहरी जहाजांच्या कंपनीत नोकरीला आहे. भावजयीचे पहिले बाळंतपण तिथेच करायचे ठरले. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आमची आई तर केव्हाच गेली. तेव्हा मीच जावे असे सर्वांचे मत पडले. माझा पाय निघेना. सासूबाई म्हणाल्या, "जा गं. पोरीला आईच्या मायेचं कुणीतरी हवं. घर मी बघते." २०२५ च्या फेब्रुवारीत गेले आणि परवान्याची तीन महिन्यांची मुदत भरत आली तशी मे महिन्याच्या सुरुवातीला परतले.

थेसलोनिकी हे समुद्रकाठचे शहर. ग्रीसमध्ये अथेन्सच्या खालोखाल मोठे. त्याच्या नावाची गोष्ट आपल्याला आवडेल. ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास कासांद्र राजाने ते वसवले आणि नाव दिले आपल्या राणीचे. ही राणी थेसलोनिकी म्हणजे सिकंदराची सावत्र बहीण. तेवीसशे वर्षांत तिथे रोमन आले, तुर्क आले, गेले. पण शहराला नाव बाईचेच राहिले. समुद्राच्या कडेला गोल पांढरा बुरूज आहे, त्यात तुर्कांच्या वेळी तुरुंग होता. आकाश स्वच्छ असले की समोर पाण्यापलीकडे त्यांच्या देवांचा ऑलिंपस पर्वत दिसतो. रोटोंडा नावाची एक गोल इमारत आहे. ती रोमनांनी बांधली, पुढे तिचे चर्च झाले, मग मशीद झाली, पुन्हा चर्च झाले. मशिदीचा मनोरा अजून शेजारी उभा आहे. एकाच वास्तूने इतके देवघर बदललेले मी दुसरीकडे पाहिले नव्हते.

पहिले आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. भाऊ म्हणाला, "आक्का, तू गावाकडं आठवड्याचा बाजार एकटी करतेस. इथं काय वाघ खातोय?" त्याने कागदावर घराचा पत्ता लिहून दिला आणि मी पिशवी घेऊन निघाले.

शहराच्या मध्यावर कपानी नावाचा जुना बाजार आहे. बारीक बोळ, वर छपरे, दोन्ही बाजूंना दुकाने. ऑलिव्हच्या फळांची पिंपेच्या पिंपे, हिरवी, काळी, जांभळी, खारवलेली, सुरकुतलेली. वाळवलेल्या रानपाल्याच्या जुड्या टांगलेल्या. लाल मिरचीचा जाडसर चुरा, त्याला बुकोवो म्हणतात. तो पाहून मला माहेरी आल्यासारखे झाले. मासळीवाले असे ओरडतात की आपल्या कोळणींनी कौतुक करावे.

तिथे माझी झालेली फजिती सांगते. मी रव्याच्या पुडीकडे बोट दाखवून दुकानदाराला खुणेने विचारले, "द्याल का?" तो हसून म्हणाला, "ने." मला वाटले, नाही म्हणतोय. मी पुढे गेले. दुसऱ्या दुकानात तेच, "ने." तिसऱ्यात तेच. मनात म्हटले, रवा समोर दिसतो आहे आणि विकायचा नाही, ही काय तऱ्हा! रिकामी पिशवी घेऊन घरी आले. भावाला सांगितले तेव्हा तो पोट धरधरून हसला. ग्रीक भाषेत "ने" म्हणजे होय! नाही म्हणायचे तर "ओही" म्हणतात, किंवा तोंडाने नुसते "च्च" करून हनुवटी वर करतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पहिल्या दुकानदाराने मला ओळखले, रवा दिलाच, वर मूठभर ऑलिव्हही घातली. त्या दिवसापासून माझी भीती मोडली. मैत्रिणींनो, भाषा नसली तरी बाजार करणाऱ्या बाईला वजन, भाव आणि माणूस, तिन्ही कळतात.

मग मी सगळे बाजार पालथे घातले. बंदराजवळ लादादिका नावाची आळी आहे. "लादी" म्हणजे तेल. पूर्वी तिथे तेलाच्या वखारी होत्या, आता खानावळी आहेत. जुन्या वस्तूंचा एक बाजार आहे, त्याचे नाव बीत बाजार. "बीत" हा तुर्की शब्द, त्याचा अर्थ ऊ! घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनी जुने कपडे विकायला तिथे बसायला सुरुवात केली, म्हणून हे नाव. आज तिथे पितळेची भांडी आणि कॉफी दळायची जुनी यंत्रे मिळतात. २०२४ च्या नोव्हेंबरात शहरात जमिनीखालून जाणारी रेल्वे सुरू झाली. ती खणताना जुना संगमरवरी रस्ता सापडला. बाजाराजवळच्या स्टेशनात तो जपून ठेवला आहे. त्या रस्त्यालाही दुकाने होती. म्हणजे वर बाजार आणि खालीही बाजारच!

खाण्याचे सांगायचे तर सकाळी रस्तोरस्ती कुलुरी विकतात, म्हणजे तीळ लावलेली पावाची कडी. दुसरा पदार्थ बुगात्सा. पापडाहून पातळ पोळीचे पदर, आत रव्याची गोड खीर किंवा चीज भरायचे, भट्टीत भाजायचे, सुऱ्याने खटाखट तुकडे करायचे, वर साखर आणि दालचिनीची पूड. ती पोळी कारागीर हवेत फिरवून इतकी पातळ करतो की पलीकडचे दिसावे. २०२१ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी नावाजलेल्या शहरांत थेसलोनिकीला घेतले. ग्रीसमधले असे ते पहिलेच शहर.

मी गेले त्यानंतर लौकरच त्यांचे ईस्टरच्या आधीचे मोठे उपवास लागले. मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. मासाही वर्ज्य, पण कोळंबी आणि कालवे चालतात! हे ऐकून मला आपली साबुदाण्याची खिचडी आठवली. उपवास कुठलाही असो, त्यातून वाट काढणारी बाईच. ३ मार्चला उपवासाचा पहिला सोमवार होता. त्या दिवशी लागाना नावाची चपटी रोटी भाजतात आणि पोरे पतंग उडवतात, अगदी संक्रांतीसारखे.

त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई झाकलेली बशी घेऊन वर आल्या. झाकण काढले, तर आत आपला शिरा! त्याला त्या हलवा म्हणतात. मी कृती विचारली. त्यांनी बोटे मोजून दाखवली: एक, दोन, तीन, चार. एक वाटी ऑलिव्हचे तेल, दोन वाट्या जाड रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. साखर-पाण्यात दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून उकळी आणायची. तेलात रवा बदामाच्या कापांसह तांबूस भाजायचा. मग उकळते पाणी जपून ओतायचे, फार उडते. कडा सुटेपर्यंत ढवळायचे, झाकून ठेवायचे, भांड्यात थापून गार झाल्यावर उपडे करायचे. दूध नाही, तूप नाही.

ही कृती त्यांच्या आईची. आई स्मर्ना शहरची. १९२२ साली ग्रीक आणि तुर्क यांच्या लढाईत ग्रीकांचा मोड झाला, सप्टेंबरात स्मर्ना जळाले. तेव्हा ती पाच वर्षांची पोर, आईचा पदर धरून जहाजातून आली. १९२३ साली दोन्ही देशांनी करारच केला. तुर्कस्तानातले सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, आणि ग्रीसमधले ४ लाखांच्या आसपास मुसलमान तिकडे गेले. आपल्याकडे १९४७ साली काय झाले ते आपण थोरांकडून ऐकले आहे. थेसलोनिकी तर आधीच पोळलेली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये एका गरीब घरातल्या चुलीची ठिणगी पेंढ्यावर उडाली आणि शहराचा मोठा भाग जळाला. ७०,००० वर माणसे बेघर झाली. तशा शहराने हे लोंढे पोटात घेतले. म्हणून त्याला फ्तोहोमाना म्हणतात, म्हणजे गरिबांची आई.

आजीबाई म्हणाल्या, आणि भावाने मला अर्थ सांगितला, "माझ्या आजीचं घर गेलं, भांडी गेली, नवरा गेला. हात तेवढे बरोबर आले. त्या हातांनी तिनं चौघांना जगवलं." आज ज्या पदार्थांसाठी लोक या शहरात दुरून येतात, त्यांतले कितीतरी असे निर्वासितांच्या हातांबरोबर आलेले आहेत.

पण याच शहराची दुसरीही गोष्ट आहे. कपानीला लागून मोदियानो नावाचा छपराचा मोठा बाजार आहे. एली मोदियानो या ज्यू इंजिनिअराने तो १९२२ नंतरच्या काही वर्षांत बांधला. मध्यंतरी मोडकळीला आला होता, २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. १४९२ साली स्पेनमधून हाकललेले ज्यू लोक इथे येऊन राहिले, वाढले. शनिवारी त्यांचा सुटीचा दिवस, तर पूर्वी बंदरही बंद राही. १९४३ च्या १५ मार्चपासून जर्मनांनी त्यांना आगगाडीत कोंबून छळछावण्यांत नेले. ४५,००० हून अधिक माणसे, म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या, तान्ही मुले. युद्धानंतर शहरात दिसले ते दोन हजारांच्या आतबाहेर. दर वर्षी मार्चमध्ये लोक स्वातंत्र्य चौकातून जुन्या रेल्वे स्टेशनापर्यंत त्यांच्या आठवणीसाठी पायी जातात.

मी आजीबाईंना विचारले, "त्यांचा एखादा पदार्थ तुम्हाला येतो का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आईची एक ज्यू शेजारीण होती. ती कांद्याच्या सालींत अंडी रात्रभर शिजवायची, तपकिरी होईपर्यंत. आई सांगायची, तसली चव पुन्हा मिळाली नाही." "तुम्ही कधी केली?" आजीबाईंनी हनुवटी वर केली. "च्च." म्हणजे नाही. आईने कृती विचारून ठेवली नव्हती. शेजारीण आहेच की, कधीही विचारू, असे वाटले होते.

भगिनींनो, तो "च्च" माझ्या काळजात राहिला. कारण आमच्या सासूबाईंचे गाव कोयना धरणात गेले. त्या तेव्हा लहान होत्या. देऊळ, घर, शेत, सगळे पाण्याखाली. पण कुठल्या पावसात कुठली रानभाजी येते, भारंगी उकडून तिचे पहिले पाणी का टाकायचे, घुट्याला फोडणी कशी द्यायची, हे सारे त्यांच्या हातात होते. पंचवीस वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहून भाकरी थापली आणि एकदाही लिहून घेतले नाही. मी तिथेच ठरवले, घरी गेल्याबरोबर वही करायची.

एप्रिल संपता संपता घरून फोन आला. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली.

मी परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डाव्या हाताने पोटाकडे बोट नेऊन पाळणा हलवल्यासारखे केले. बाळ बरे आहे ना, असे विचारत होत्या. मी म्हटले, "मुलगी झाली, आत्या नावाला शोभेल अशी." त्या हसल्या. मग मी चुलीपाशी जाऊन रडले.

पण वही मी केली. रोज दुपारी त्यांची खुर्ची स्वयंपाकघरात आणते. मी करते, त्या पाहतात. चुकले की हात हालवतात. चिमूट दाखवतात, ओंजळ दाखवतात, थांब म्हणतात. भारंगीचे एक पान लिहायला दोन दिवस लागले. आजवर चौदा पाने झाली आहेत. माझे अक्षर वाकडे आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत. पण वही आहे.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. आपल्यातल्या प्रत्येकीने घरच्या नाहीतर शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईकडून एक तरी कृती विचारून घ्यावी आणि पुढच्या बैठकीला लिहून आणावी. जातीची, गावाची, गरिबीची लाज धरू नये. जिला लिहिता येत नाही तिचे मी लिहून घेईन.

आज चहाबरोबर जो शिरा ठेवला आहे, तो त्या आजीबाईंचा, एक-दोन-तीन-चारचा. ऑलिव्हचे तेल आपल्याला परवडत नाही, म्हणून मी आपले शेंगदाण्याचे घातले आहे. सासूबाईंनी सकाळी चाखला आणि दोन बोटांची चिमूट दाखवली. म्हणून किंचित मीठही घातले आहे. तेही वहीत लिहिले आहे.