अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स आणि बंद खिडकी

आजचा भाग कोडिंगवर नाहीये. गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी मी घरच्या पितळी मूर्तीसाठी अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक बॉक्स करायला घेतला. ५ मिलिमीटरची शीट, लेझरने कापून आणलेले पाच तुकडे. म्हटलं, एका संध्याकाळचं काम आहे. पहिला बॉक्स फेकून द्यावा लागला आणि वर डोकं दुखलं ते वेगळंच.

आधी एक लक्षात घ्या, सॉल्व्हंट सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. गोंदाचा मध्ये थर राहतो. हे द्रावण दोन्ही कडा मऊ करतं, इकडचं-तिकडचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं, मग द्रावण उडून जातं आणि मागे उरतं नुसतं अ‍ॅक्रिलिक. वेल्डिंगच म्हणा ना! म्हणूनच फट चालत नाही, कारण पाण्यासारखं पातळ द्रावण ती भरू शकत नाही. तुकडे कोरडेच काटकोनात उभे करायचे, टेपने धरायचे आणि सुईच्या बाटलीने सांध्याच्या कडेला थेंब सोडायचा. तो आपोआप आत ओढला जातो. शाळेतलं केशाकर्षण! बघायला जाम भारी वाटतं. (मी आधी इंजेक्शनची सिरिंज घेतली होती. तिचा रबरी दट्ट्या फुगून अडकला.)

आता माझी चूक. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खिडक्या बंद. माझ्या बाटलीत होतं डायक्लोरोमिथेन. ते साधारण ४० अंशांनाच उकळतं, म्हणजे भराभर उडतं. उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी तिथे जमतं आणि सांधा पांढुरका पडतो. माझे चारही पडले. आणि उडालेलं द्रावण गेलं कुठे? बंद खोलीत, माझ्या नाकात. शरीरात त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त गरगरत होतं. आई दारातूनच ओरडली, "अरे, कसला वास हा? खिडकी उघड आधी!" तोंडाला कापडी मास्क होता, पण त्यातून वाफ थेट आत येते. पातळ हातमोज्यांतूनही हे द्रावण पटकन आरपार जातं.

सकाळी कडांवर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो, द्रावण लागलं की तो असा बाहेर पडतो. दुसऱ्यांदा मी तुकडे करवतीने कापून घेतले, कडा पॉलिश पेपरवर सपाट घासल्या आणि चक्क उन्हाची वाट बघितली. तीन दिवस! मग गॅलरीत, पंखा असा लावून की वास माझ्यापासून लांब जाईल. काही मिनिटांत सांधा धरतो, पण मी दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही.

एका कोपऱ्यात बुडबुडा राहिलाच. आईने तिथे दूर्वांची जुडी ठेवली.

चला, भेटू पुढच्या भागात!