दुकानाची उधारी क्लाउडवर नेताना

आजचा भाग दुकान, जिनिंग, डाळमिल असा धंदा असलेल्या घरातल्या पोरापोरींसाठी. कारण "कॉम्प्युटरचं काय ते तूच बघ" हे काम तुमच्याच गळ्यात पडतं.

समजा, माजलगावात एक कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये पेरणीला बियाणं-खत उधारीवर जातं. पैसे येतात कापूस-सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे चार-पाच महिने भांडवल गावोगावी पसरलेलं, आणि कुणाकडे किती हे काउंटरखालच्या एका हार्ड डिस्कमध्ये. ती उडाली, तर वसुली कशाच्या जोरावर करणार?

क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा कॉम्प्युटर, बस्स. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉननं २०१६ मध्ये आणि गुगलनं २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली.

आता वाटा तीन. पहिली, काम दुकानातल्याच कॉम्प्युटरवर, फक्त रोजचा बॅकअप क्लाउडवर. दुसरी, आपलंच हिशोबाचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर टाकून इंटरनेटवरून वापरायचं. तिसरी, ब्राउझरमध्ये चालणारं तयार सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर घ्यायचं. लहान दुकानानं पहिल्या वाटेनं सुरुवात करावी. खर्च कमी, आणि काउंटरवरचं काम अडत नाही.

पण नियोजन आधी, खरेदी नंतर. एक वही घ्या आणि लिहा: कोणता डेटा, किती जीबी, कोण वापरतं, आणि तो एक दिवस मिळाला नाही तर काय अडेल. उधारी आणि स्टॉक सगळ्यात वर येईल. जुने फोटो, स्कॅन खाली.

मग इंटरनेट तपासा. डाउनलोड नाही, अपलोड! १० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबी चढवायला सलग २२ तास लागतात. मध्ये लाईट गेली तर आणखी जास्त. म्हणून राउटरला छोटा यूपीएस, मोबाईलचं हॉटस्पॉट तयार, आणि ड्रॉवरमध्ये कागदी बिलबुक. केबल तुटली म्हणून गिऱ्हाईक परत जायला नको.

वेळ कोणती? जूनची पेरणी टाळा, दिवाळीची वसुली टाळा, मार्चअखेर तर टाळाच. जानेवारी-फेब्रुवारी बरा. पंधरा दिवस जुनं आणि नवं दोन्ही चालवा, आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडची उधारीची बेरीज जुळवा. जुळली नाही, तर पुढं जाऊ नका.

आता जिथं लोक फसतात ते ऐका. सिंक म्हणजे बॅकअप नाही. दुकानातली फाईल चुकून डिलीट झाली किंवा व्हायरसनं खराब केली, तर सिंक तोच बदल वरही करतं. जुन्या आवृत्त्या ठेवणारा बॅकअप वेगळा लागतो.

आणि क्लाउडही जळतो बरं का! १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक प्रत पोर्टेबल डिस्कवर घरच्या कपाटात असू द्या.

खातं कुणाच्या नावावर, हेही बघा. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या ईमेलवर खातं उघडलं, तर किल्ली त्याच्या खिशात. ईमेल आणि मोबाईल नंबर मालकाचाच हवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं, आणि नोकराला वेगळा लॉगिन. तो काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद.

सॉफ्टवेअरवाल्याला एक प्रश्न सही करण्याआधीच विचारा: "वर्गणी बंद केली तर माझा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का?" जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. सॉफ्टवेअर बदललं तरी ही जबाबदारी दुकानदाराचीच.

शेवटचं. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो परत उघडतो का ते बघा. या रविवारी दुसऱ्या लॅपटॉपवर कालचा बॅकअप उघडा आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाची उधारी वडिलांना वाचून दाखवा. आकडा बरोबर निघाला, तर त्यांचा क्लाउडवर विश्वास बसेल. नाही निघाला, तर वसुलीच्या आधीच कळलं, हे काय कमी आहे?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!